वकीलबाईंची बोलती

वकीलबाईंनी सकाळी लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर एक निळं वर्तुळ स्वतःच्याच नादात गरगरत होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘आम्ही तुमच्यासाठी काही छान बदल करत आहोत.’ वकीलबाईंना त्यातला ‘आम्ही’ही आवडला नाही आणि ‘छान’ही. यांना सांगितलं कोणी होतं? आदल्या दिवशी ‘नंतर आठवण करा’ हे बटण त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं होतं. मशीनने त्याचा अर्थ ‘बाईंचा डोळा लागला की उरका’ असा लावलेला दिसत होता.

दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप असा अडून बसला असता, तर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या आणि चहा ठेवला असता. वकीलबाईंना शिव्या हासडायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं आणि तेव्हापासून त्या बोलायच्या त्या या लॅपटॉपमधून. टाइप करायचं, बटण दाबायचं, की लॅपटॉप बोलायचा. तोही उसन्या आवाजात नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. शस्त्रक्रियेच्या आधी त्या रोज दुपारी कपड्यांच्या कपाटात पांघरुणांचे गठ्ठे रचून, मांडी ठोकून बसायच्या आणि माइकसमोर वाक्यामागून वाक्यं वाचायच्या. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, कपाटाच्या दाराबाहेर पहारा द्यायचे आणि बेल वाजवायला आलेल्या माणसाला बोटानेच गप्प करायचे. त्या वाचनातून एका प्रयोगशाळेने कित्येक महिने खपून त्यांचा आवाज घडवला. किंचित खरखरीत, वाक्याच्या शेवटच्या शब्दावर हातोडी मारणारा. कोर्टातले शिपाईसुद्धा तो दाराबाहेरून ओळखत.

वर्तुळ एकदाचं थांबलं. वकीलबाईंनी टाइप केलं, ‘अहो, चहा झाला का?’ आणि बटण दाबलं.

“अहो चहा झाला का?” लॅपटॉप म्हणाला.

स्वयंपाकघरात अण्णांच्या हातून गाळणं पडलं. कारण बोलला तो एक पुरुष होता. तिशीच्या आतला, गोड, उत्साहाने नुसता उतू जाणारा. एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला माइक हातात घेऊन उभा राहतो ना, तसा.

“कोण आलंय गं?” अण्णा धावत बाहेर आले.

वकीलबाईंनी पुन्हा टाइप केलं. “कोणी नाही. मीच बोलते आहे,” तो तरुण आनंदाने म्हणाला.

वकीलबाईंनी सेटिंग उघडली. जिथे ‘माझा आवाज’ असं लिहिलेलं असायचं, तिथे आता राखाडी रंगाची एक रिकामी पट्टी होती. तिच्यावर कितीही दाबलं तरी ती ढिम्म. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पट्टी तशीच. घरात मूळ रेकॉर्डिंगची प्रत होती, पण ती म्हणजे नुसती सुटी वाक्यं. त्यांतून बोलता आवाज पुन्हा बनवायचा तर पुन्हा तेवढेच महिने, आणि तो या नव्या व्यवस्थेत चालेलच याची खात्री कोण देणार?

वकीलबाईंनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. उद्या सकाळी कोर्टात तारीख होती आणि घाबरायचं असेल तर ते तारखेनंतर, हा त्यांचा जुना शिरस्ता.

लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावणं भाग होतं आणि तो लावायला अण्णांशिवाय कोणी नव्हतं. अण्णांनी उभा जन्म औषधाच्या दुकानात काढला होता आणि गिऱ्हाइकाशी कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी बोलायला आली. तिने सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग म्हणाली, “सर, हे खातं मॅडमच्या नावावर आहे. खात्यातले तपशील उघडण्यासाठी मॅडमनी स्वतःच्या आवाजात आपलं पूर्ण नाव सांगायचं आहे.”

“अहो, पण तिचा आवाजच तर गेलाय,” अण्णा म्हणाले.

“हो सर, मला कळतंय. पण सुरक्षेसाठी आवाजाची ओळख आवश्यक आहे.”

वकीलबाईंनी लॅपटॉप फोनजवळ सरकवला. तरुणाने त्यांचं नाव झोकात सांगितलं.

“सर, हे मॅडम नाहीत,” मुलगी म्हणाली. “मॅडमना फोन द्या.”

तेव्हा अण्णांच्या बाबतीत कधी न घडलेली गोष्ट घडली. ते लालबुंद झाले आणि ओरडले, “अहो, मॅडमचा आवाज तुम्ही रात्रीतून उचलून नेलात आणि आता तोच दाखवल्याशिवाय बोलणार नाही म्हणता? लाज नाही वाटत?” एवढं बोलून ते स्वतःच इतके दचकले की पुढच्याच श्वासात म्हणाले, “तुम्हाला नाही हं म्हणत मी, ताई.”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, पण मनातून त्यांना नवरा त्या क्षणी फार आवडला.

शेवटी ताईंनी एवढंच सांगितलं, की तक्रारी बऱ्याच आल्या आहेत आणि दुपारपर्यंत एक छोटी दुरुस्ती येईल. ती आपोआप बसेल, काही करावं लागणार नाही. “तेच तर दुखणं आहे,” अण्णा फोन ठेवल्यावर म्हणाले.

दुरुस्ती दुपारी आली, आपोआप बसली आणि मशीन पुन्हा एकदा बंद होऊन उघडलं. वकीलबाईंनी टाइप केलं, ‘अहो, आता बघा बरं, काही फरक पडलाय का?’

“अहो स्वल्पविराम आता बघा बरं स्वल्पविराम काही फरक पडलाय का प्रश्नचिन्ह,” तो तरुण म्हणाला.

अण्णांनी हसू आवरायचा प्रयत्न केला. तो फसला. मग वकीलबाईंनाही हसू फुटलं. त्यांचं हसणं आता नुसता श्वासाचा भाता होता, पण खांदे गदागदा हलत होते. अण्णांनी त्या तरुणाचं नाव ‘चिरंजीव’ ठेवलं. “उशिरा झालं, पण वाचायला लागलेलंच झालं,” ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत वकीलबाईंनी चिरंजीवांना वठणीवर आणायची युक्ती काढली. विरामचिन्हं अजिबात घालायची नाहीत. पण मग तो श्वास न घेता एका दमात सगळं बोलून मोकळा व्हायचा. म्हणून वाक्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा लिहून बटण दाबायचं आणि मध्ये जेवढं थांबायचं तेवढं आपण थांबायचं. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी उद्याचा सगळा युक्तिवाद अण्णांना न्यायाधीश करून तसा म्हणून पाहिला.

“तारीख पुढची मागून घे ना,” अण्णा म्हणाले. “कोणीही देईल. कारण खरं आहे.”

“पुढच्या तारखेपर्यंत भिंत पूर्ण होईल,” चिरंजीव हसऱ्या आवाजात म्हणाले.

भिंत होती घड्याळवाल्याच्या खिडकीपुढची. घड्याळवाला वकीलबाईंचा अशील. लहानशा खोलीत एकाच खिडकीखाली त्याचं टेबल होतं आणि त्या उजेडात तो केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचा. शेजारच्या मालकाने खिडकीपासून हातभर अंतरावर भिंत चढवायला घेतली होती. ती थांबवण्याचा तात्पुरता हुकूम वकीलबाईंना हवा होता.

सकाळी कोर्टात त्या उभ्या राहिल्या आणि लॅपटॉप म्हणाला, “महोदय मी अर्जदाराच्या वतीने उभी आहे.”

न्यायाधीशांनी मान वर केली. चष्म्यावरून आधी वकीलबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे, मग दाराकडे. “वकीलबाई, तुमच्याबरोबर आज कोणी नवे सहकारी आहेत का?”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. वकीलबाईंनी घाई न करता टाइप केलं.

“नाही महोदय,” चिरंजीव म्हणाले. मग वकीलबाई थांबल्या. मग, “आवाज माझा नाही.” पुन्हा थांबल्या. “म्हणणं माझंच आहे.”

न्यायाधीशांनी मान हलवली. समोरचे वकील मात्र संधी सोडणारे नव्हते. ते उठले, कोट सारखा केला आणि अतिशय सहानुभूतीने म्हणाले, “महोदय, बाईंची अडचण आम्ही समजू शकतो. त्यांचं यंत्र दुरुस्त होईपर्यंत सुनावणी पुढे ढकलायला आमची काहीच हरकत नाही. आम्ही माणुसकी सोडलेली नाही.”

“त्यांची माणुसकी रोज चार थर चढते आहे,” चिरंजीव म्हणाले. “मला आजच ऐकावं.”

न्यायाधीशांनी ऐकायचं ठरवलं. पुढचा बराच वेळ वकीलबाई बोलत होत्या, तुकड्यातुकड्याने, बटण दाबत. सुरुवातीला लोक नुसता तो आवाजच ऐकत होते. खिडकीची लांबीरुंदी, टेबलाची जागा, भिंतीचं अंतर असं एकेक येत गेलं तसा आवाज मागे पडला. वकीलबाईंना ते जाणवलं. खोलीने त्यांचं म्हणणं धरलं की एक प्रकारची शांतता व्हायची, ती त्यांच्या ओळखीची होती. ती झाली. म्हणजे ती आवाजाची नव्हती तर, असा एक विचार त्यांच्या मनात चमकून गेला आणि बोटं आणखी मोकळी झाली.

समोरच्या वकिलांनी उत्तर दिलं, की बाई राईचा पर्वत करत आहेत. भिंत आज खिडकीच्या चौकटीच्या खालीच आहे. प्रकाश मुळी अडलेलाच नाही.

वकीलबाईंनी इतक्या झटक्याने टाइप केलं की सवयीने चिन्ह पडून गेलं.

“मग तिथेच थांबा,” चिरंजीव म्हणाले. “आम्ही तरी दुसरं काय मागतोय प्रश्नचिन्ह.”

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. “प्रश्नचिन्हाची न्यायालयाने नोंद घेतली आहे,” ते म्हणाले, आणि भिंत आहे तिथेच थांबवायचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे सांगितला. घड्याळवाला बाहेर आल्यावर वकीलबाईंचे हात हातात घेऊन म्हणाला, “बाई, त्या पोराचेही आभार माना माझ्यातर्फे.”

तारीख झाली. आता घाबरायला हरकत नव्हती. पण घरी येऊन बघतात तो घाबरायलाही सवड मिळाली नाही, कारण घाबरण्याच्या आधी त्यांना राग आला. कंपनीच्या तक्रारींच्या पानावर लोकांनी लिहून लिहून ढीग घातला होता. प्रिंटर चालत नाही, फोटो उघडत नाहीत, पडदा उलटा दिसतो. आणि त्या गर्दीत मधूनमधून, जणू दबक्या सुरात, कोणीतरी लिहिलं होतं, ‘माझा आवाज गेला.’ प्रत्येकाखाली कंपनीचं तेच एक उत्तर: ‘आपल्या संयमाबद्दल आभार.’

वकीलबाईंनी तिथे लिहिलं, ‘माझा संयम कालच संपला. ज्यांचा आवाज गेला आहे आणि जे याच शहरात राहतात, त्यांनी मला कळवावं. मी वकील आहे.’

तिघांनी कळवलं. एक गणिताचे मास्तर होते, पक्षाघाताने जीभ अडखळलेले. एक बसचालक होते, वकीलबाईंसारखीच शस्त्रक्रिया झालेले. आणि एक विशीतली मुलगी होती, जिचे स्नायू एकेक करून संप पुकारत चालले होते. ती आता फक्त डोळ्यांनी टाइप करायची. तिच्या खुर्चीमागे तिची आई असायची.

ठरल्या दिवशी सकाळी चौघं कंपनीच्या सेवाकेंद्रात गेली. चकचकीत जागा, पांढरी टेबलं, प्रत्येक टेबलावर एकेक कुंडी. व्यवस्थापक पुढे आला आणि म्हणाला, “बोला, मी आपली काय मदत करू?”

“आमचा आवाज परत द्या,” वकीलबाईंचा लॅपटॉप म्हणाला.

“आमचा आवाज परत द्या,” मास्तरांचा म्हणाला. मग बसचालकांचा. मग मुलीचा. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, आपापलं लिहून आली होती. पण चारी लॅपटॉपांतून बोलले चिरंजीवच. तोच गोडवा, तोच उत्साह, एकामागून एक. दुकानातली सगळी माणसं हातातलं सोडून बघायला लागली. एका बाईंनी आपल्या लहानग्याला जवळ ओढलं. व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळून गेलं.

“मला आपल्या भावना समजतात,” तो म्हणाला.

“भावना राहू द्या,” वकीलबाईंनी लिहिलं. “आवाज पुसला गेलाय की कुलूपबंद झालाय. एका शब्दात सांगा.”

“ते मला सांगता येणार नाही, मॅडम.”

“सांगता येणार नाही. की माहीत नाही.”

“माहीत नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग ज्याला माहीत आहे त्याला बोलवा. आम्ही बसतो.”

आणि ती बसली. चौघं, मुलीची आई आणि अण्णा, पांढऱ्या टेबलांभोवती. मध्येच बसचालकांनी वेळ जात नाही म्हणून मास्तरांना रस्त्यावरचा एक किस्सा सांगायला घेतला, मास्तरांनी त्यावर काही विचारलं, आणि चिरंजीव स्वतःशीच गप्पा मारत असल्यासारखं ऐकू यायला लागलं. दुकानात शिरणारी गिऱ्हाइकं दारातच थबकायची. वकीलबाईंनी व्यवस्थापकाकडे पाहिलं. तो पुन्हा फोनला लागला.

दुपारी वरच्या मजल्यावरून एक इंजिनिअर खाली आली. चाळिशीची, केसांत पेन खोचलेली, डोळे तांबारलेले. तिने कोणालाही मी समजू शकते वगैरे म्हटलं नाही. वकीलबाईंचा लॅपटॉप पुढे ओढला, पाच-दहा मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाली, “पुसलेला नाही. आहे आत. नव्या व्यवस्थेत आम्ही बाहेरून आलेल्या आवाजाच्या फाइलींना धोका समजायचं ठरवलं. तुमचा आवाज बाहेरच्या प्रयोगशाळेत बनलाय, म्हणून त्याला कोंडून ठेवलंय.”

अण्णांनी इतक्या जोरात श्वास सोडला की समोरची कुंडी हलली.

“आणि दुरुस्ती,” वकीलबाईंनी विचारलं.

“ती घाईत केली. चुकली.” इंजिनिअरने डोळे चोळले. “सोडण्याआधी आम्ही शेकडो गोष्टी तपासल्या. यंत्रातून बोलणारं माणूस आमच्या खोलीत एकही नव्हतं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही.”

उलटतपासणीत खरं बोलणारा साक्षीदार क्वचित भेटतो, आणि भेटला की त्याला झोडपायचं नसतं, कामाला लावायचं असतं. “आधी हिचं करा,” त्यांनी लिहिलं आणि मुलीकडे बोट केलं.

इंजिनिअरने मुलीचं मशीन घेतलं, नवी व्यवस्था काढून जुनी बसवली. वेळ लागला. मग मुलीने पडद्यावर डोळे फिरवायला सुरुवात केली. आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“आई,” एक बारीक, किंचित नाकातला, खट्याळ आवाज म्हणाला. “इतके दिवस तू माझा भांग चुकीचा पाडतेयस. त्या माणसाच्या आवाजात सांगायची मला लाज वाटत होती.”

आई हसली आणि रडली आणि तिथेच पर्समधून कंगवा काढायला लागली.

मग बसचालक, मग मास्तर. वकीलबाईंनी आपला नंबर शेवटी ठेवला. त्यांचं मशीन सुरू झालं तेव्हा इंजिनिअर म्हणाली, “बोलून बघा काहीतरी.”

“काहीतरी नाही, दोन मुद्दे आहेत,” वकीलबाई म्हणाल्या.

खरखरीत, शेवटच्या शब्दावर हातोडी. अण्णा पाठ वळवून चार्जरच्या फळीपाशी गेले आणि तिथल्या किमती फार बारकाईने वाचायला लागले. वकीलबाईंनी त्यांना तसंच वाचू दिलं.

“एक. माणूस ज्या मशीनमधून बोलतो, त्यावर त्याला विचारल्याशिवाय काहीही बसवायचं नाही. ‘नंतर’ म्हणजे नंतर. दोन. यापुढे काहीही बाहेर सोडण्याआधी आमच्यापैकी कोणालातरी खोलीत बोलवायचं.”

“मी वरती पोचवतो, मॅडम,” व्यवस्थापक म्हणाला.

“पोचवू नका. आत्ता लिहा. मी सांगते.”

त्याने लिहिलं. वकीलबाईंनी दोनदा दुरुस्त्या सांगितल्या, त्यांतली एक स्वल्पविरामाची होती. इंजिनिअरने खाली स्वतःचं नाव टाकलं आणि म्हणाली, “दुसऱ्या मुद्द्याचं मी बघते. पहिल्याला माझ्या वरचे लोक खळखळ करतील.”

“करू द्या. मला खळखळीची सवय आहे.”

खळखळ बरीच झाली. पण पुढच्या मोठ्या बदलाच्या वेळी सेटिंगमध्ये एक नवं बटण दिसलं, विचारल्याशिवाय काही न बसवण्याचं, आणि ते खरंच पाळलं जायला लागलं. मास्तर आता महिन्यातून एकदा कंपनीत जातात, येऊ घातलेल्या बदलांवर बोलून दाखवतात आणि चुका काढतात. चुका काढायची त्यांना पूर्वीपासून आवड आहेच. कंपनीने जाहीर माफीही मागितली, ‘काही मोजक्या वापरकर्त्यांना झालेल्या गैरसोयीबद्दल’. वकीलबाईंना त्यातला ‘मोजक्या’ही पटलेला नाही आणि ‘गैरसोय’ही. त्यावर त्यांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि तो त्या चवीने करतात.

त्या दिवशी सेवाकेंद्रातून निघाल्यावर अण्णांनी गाडी सुरू केली, पण पुढे नेईनात. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “बोल ना काहीतरी.”

वकीलबाईंनी मांडीवर लॅपटॉप उघडला.

“काय बोलू?”

“काहीही. घरी जाईपर्यंत बोलत राहा.”

“बरं. मग आधी हँडब्रेक काढा. आणि मागचा माणूस कधीचा हॉर्न वाजवतोय, त्याला जाऊ द्या. आणि त्या ताईंची तुम्ही त्या दिवशी फोनवर लाज काढलीत ना, ते मला फार आवडलं. उगाच नंतर माफी मागितलीत.”

अण्णांनी हँडब्रेक काढला. बाई बोलत राहिल्या.